दुसऱ्या माळ्यावरच्या गप्पा

आमचे पप्पा गप्पिष्ट, असं आख्खी बिल्डिंग म्हणायची. आचोळ्यातली ती चार माळ्यांची, लिफ्ट नसलेली इमारत, आणि आम्ही अगदी वर. नव्वदच्या दशकात तिथे टँकरचं पाणी यायचं आणि ते वर चढवायचं काम पप्पांचं. दोन हातांत दोन कळशा. दुसऱ्या माळ्यावर आले की कळशा खाली ठेवायचे आणि तिथल्या काकूंच्या दाराशी उभे राहायचे. काकू माहेरच्या अर्नाळ्याच्या, बोलायला मोकळ्याढाकळ्या. "काय भावजी, पानी आला का?" एवढं त्यांनी विचारलं की झालं!

मी तेव्हा कॉलेजात होते आणि माझ्या जिभेला हाड नव्हतं. वरून कठड्यावर ओणवी होऊन ओरडायचे, "पप्पा, पाण्याची वाफ होईल हो!" आई म्हणायची, "यांना बोलायला फक्त माणूस दिसायला हवं." पप्पा नुसते हसायचे.

मग कधी त्यांना छातीत दाटल्यासारखं व्हायला लागलं, कधी डावा खांदा भरून यायचा. आईने निदान करून टाकलं, गॅस. वाटाणे बंद, ओवा सुरू. महिनाभर घरात ओव्याचाच वास. एका सकाळी मात्र कळशा घेऊन वर आले ते घामाने निथळत, चेहरा पांढराफटक. मी काही ऐकलं नाही, रिक्षात घालून दोघांना डॉक्टरांकडे नेलं.

कार्डिओग्राम चांगला आला. आईचा चेहरा खुलला, "बघा, मी म्हटलं नव्हतं?" डॉक्टरांनी विचारलं, "जिना चढताना दुखतं का?"

"छे हो, बिलकुल नाही."

मी हसले. "दुखेल कशाला? सरळ चढतात कुठे? दुसऱ्या माळ्यावर थांबून गप्पा असतात ना!"

डॉक्टरांचा लिहिता हात थांबला. त्यांनी पप्पांकडे नीट पाहिलं. "आधी काय होतं? गप्पा की थांबणं?"

पप्पा चपलांकडे बघत हळूच म्हणाले, "छाती आवळते. थांबलं की दोन मिनिटांत मोकळी होते."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"अहो, मग बोलला का नाहीत?" डॉक्टर म्हणाले.

"बोललो असतो तर कळशा हिने उचलल्या असत्या."

आईने पदर तोंडाला लावला. मला तर स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. इतके महिने मी त्या माणसाच्या दुखण्यावर विनोद करत होते!

डॉक्टरांनी समजावलं. हृदयाला रक्त पुरवणारी नळी अरुंद झाली की श्रम केल्यावर रक्त कमी पडतं आणि छाती आवळते, थांबलं की बरं वाटतं. माणूस स्वस्थ पडलेला असताना काढलेला कार्डिओग्राम चांगला येऊ शकतो. पुढे चालत्या पट्ट्यावरची तपासणी झाली, मग मुंबईला अँजिओग्राफी. एक नळी जवळजवळ बंद. फुगा घालून ती उघडली, आत स्टेंट बसवला. रोजच्या गोळ्या लागल्या, मीठ कमी झालं, काकूंकडचे सुके बोंबील तर बंदच. शिवाय पुन्हा दुखलं तर जिभेखाली ठेवायची एक गोळी, आणि तिनेही नाही थांबलं तर तडक हॉस्पिटल. ती गोळी आईने कमरेच्या बटव्यात ठेवली.

घरी आणलं त्या दिवशी जिना चढायला परवानगी होती, हळूहळू. आई पुढे, मी मागे. पहिला माळा झाला. दुसऱ्यावर पप्पा थांबले.

आईचा हात बटव्यात गेलासुद्धा. "अहो, आवळतंय का? खरं सांगा!"

"नाही गं. ठेव ती गोळी." त्यांनी काकूंची बेल दाबली. "यांच्या नातवाचा निकाल होता ना काल? तेवढं विचारतो."

आई तिथेच पायरीवर बसली आणि हमसून रडली. मी तिच्या शेजारी बसले. निकालापासून बोंबलांपर्यंत त्या दोघांच्या सगळ्या गप्पा मी पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकल्या.