एक पत्ती जास्त

भोपाळला, बरखेड्यात आमच्या ओळीतल्या क्वार्टर्सना नीळकंठराव पांढरीपांड्यांची अँबेसिडर आल्याचं कोपऱ्यावरूनच कळायचं. तिथे स्पीडब्रेकर होता. त्यावरून तिचं मागचं अंग असं काही उसळायचं की डिकीतला जॅक, पाने आणि पाण्याचा डबा एकदम बोंब मारायचे, आणि त्यांच्या मागोमाग लीलावहिनींचं "आई गं" ऐकू यायचं. मी पोळ्या लाटता लाटता म्हणायची, आले हे दोघं डॉक्टरकडून. पाठदुखीसाठी टी. टी. नगरला जाऊन शेक घ्यायचा, आणि परतीच्या वाटेवर सगळा शेक मातीत घालवायचा, असा तो कार्यक्रम होता. गाडीच्या मागच्या कमानी, म्हणजे स्प्रिंगा, नव्या घातल्यापासून हे सुरू झालं होतं.

नीळकंठराव आमच्या कारखान्यात टेस्टिंगला होते. कारखान्यातून बाहेर पडणारी वस्तू आधी त्यांच्यासमोर यायची, आणि तिने आयुष्यात जेवढा भार सोसायचा त्याहून जास्त ते तिच्यावर लादून बघायचे. "मार्जिन पाहिजे" हा त्यांचा जप. पण हे वेड त्यांच्या एकट्याचं नव्हतं, आमच्या सबंध टाऊनशिपचंच होतं. आमच्याकडे तुळशीच्या कुंडीचा स्टँडसुद्धा लोखंडी अँगलचा. कपडे वाळत घालायच्या दांडीला म्हैस बांधावी. आमच्या ह्यांनी मला एक देवघर वेल्डिंग करून आणून दिलं आहे, ते दिवाळीत झाडायला हलवायचं म्हणजे दोन माणसं बोलवावी लागतात. देवही बिचारे तिथे अडकल्यासारखे बसलेत.

गाडी त्यांनी कारखान्याच्या लिलावात घेतली होती. साहेबलोकांनी वापरून काढून टाकलेली. पण तिच्याइतकी भरलेली गाडी मी जन्मात पाहिली नाही. दिवाळीनंतरच्या रविवारी भोजपूरला जायचं, हा रिवाज. पुढे नीळकंठराव आणि आमचे हे, ह्यांच्या मांडीवर गोळाभाताचं पातेलं. मागे नीळकंठरावांच्या आई, लीलावहिनी आणि मी, आणि आमच्या मांड्यांवर त्यांचा श्रीकांत, त्यांची कुसुम आणि माझा सुरेश. महादेवाचं दर्शन घ्यायचं, बेतवाच्या काठी जेवायचं, आणि संध्याकाळी तसंच एकमेकांच्या अंगावर झोपत परत यायचं. त्या वजनाखाली गाडी अशी डुलत चालायची की माझी मान मोडली तरी जाग यायची नाही.

मग नीळकंठरावांच्या आई गेल्या. कुसुम लग्न होऊन बडोद्याला गेली. माझा सुरेश दुबईला गेला, आणि श्रीकांत पुण्याला. कुणी वाईट वागलं नाही, कुणी भांडून गेलं नाही. नुसते गेले. गाडी दारात उभी राहिली. तिच्या जुन्या कमानी बसल्याच होत्या, मागून ती गुडघे टेकल्यासारखी दिसायची, पण दोन म्हाताऱ्या माणसांना घेऊन निमूट चालत होती.

त्या पावसाळ्यात श्रीकांतचा फोन आला. टेलिफोन आमच्याकडे होता, त्यांचे फोन आमच्याच घरी यायचे, म्हणून सगळं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. दिवाळीला येतोय म्हणाला. बायको, दोन्ही मुलं, शिवाय सासू-सासरे. आणि स्वतःहून म्हणाला, "बाबा, यावेळी सगळे भोजपूरला जाऊ, आपल्या गाडीनं, पहिल्यासारखे." हे मी सांगून ठेवते, कारण पुढे त्याला ते आठवलं नाही.

नीळकंठराव दुसऱ्याच दिवशी गोविंदपुऱ्यात एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये गेले आणि मागच्या कमानी नव्या करायला टाकून आले. कमान म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पत्त्या. कंपनीच्या हिशेबापेक्षा त्यांनी प्रत्येक कमानीत एक पत्ती जास्त घालायला सांगितली. सहा मोठी माणसं, पातेली, मुलं, मार्जिन पाहिजे. कमानी आल्या, घातल्या, गाडीचं मागचं अंग ताठ उभं राहिलं. आणि पहिल्याच खड्ड्यात लीलावहिनींची पाठ गेली.

आता हा माणूस टेस्टिंगचा. दोष शोधल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरणार नाही. आधी शॉकर संशयात आले. गाडी उसळली की पुढे कितीतरी वेळ झोके घेत राहायची, म्हणून शॉकर नवे बसवले. झोके थांबले, दणका तसाच. मग त्यांना आपलीच चूक सापडली. कमानींच्या टोकांना रबरी बुश असतात. गाडी जॅकवर टांगलेली असतानाच त्यांनी बोल्ट आवळून टाकले होते, त्यामुळे रबर पिळलं गेलं होतं. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचा भार कमानींवर येऊ देऊन त्यांनी बोल्ट पुन्हा आवळले. जरा फरक पडला. पत्त्यांमध्ये ग्रीस घातलं, टायरांतली हवा कमी केली. उपरणं डोक्याला गुंडाळून गाडीखाली झोपलेले नीळकंठराव, नुसते दोन पाय बाहेर. आमच्या ओळीतले लोक जाता-येता त्या पायांनाच नमस्कार करायचे.

एका सकाळी मी बघते तर नीळकंठराव गाडीत वाळूची पोती भरतायत. शेजारच्या ब्लॉकचं बांधकाम चाललं होतं, तिथली वाळू. पोती डिकीत नाही, मागच्या सीटवर, माणसं बसावीत तशी ओळीनं बसवली. आणखी दोन पायाशी. मग मला पुढे बसवून स्पीडब्रेकरवरून एक फेरी मारली. काय सांगू, पोटातलं पाणी हललं नाही.

"पाहिलंत वहिनी?" त्यांचा चेहरा असा फुलला होता की मला बरंच वाटलं. "गाडीत डिफेक्टच नाही. सगळं करेक्ट आहे. गाडी रिकामी आहे, एवढंच."

"मग एक पत्ती काढून टाका नं भाऊजी."

"अन् दिवाळीत काय करू? सहा जण बसले की गाडी खाली टेकेल. पोरांसमोर फजिती करता काय माझी?"

त्यांना उपाय ठाऊक नव्हता असं नाही. पत्ती काढायची, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं. पण पत्ती काढायची म्हणजे मागची सीट सोडून द्यायची. ते त्यांच्या जिवावर येत होतं.

तेव्हापासून दिवाळीपर्यंत ती पोती गाडीतच राहिली. डॉक्टरकडे जाताना, भाजीला जाताना, कारखान्यात जातानासुद्धा. गेटवरचा चौकीदार म्हणायचा, "पांडे साब सवारी लेके निकले." लोक हसायचे. मीही हसले, खोटं कशाला बोलू. लीलावहिनी मात्र एकदा माझ्याकडे चहा पिताना कप खाली ठेवून म्हणाल्या, "शशिकला, मी काल एका पोत्याला श्रीकांत म्हटलं नं अन् दुसऱ्याला कुसुम. हे हसले नाहीत गं." मग मीही हसायचं सोडलं.

दिवाळी आली. श्रीकांत आला, पण क्वार्टरमध्ये एकच बाथरूम म्हणून हॉटेलात उतरला. सासू-सासरे बरोबर होते, चालायचंच. भाऊबीज झाली, रविवार आला. आदल्या दिवशी नीळकंठरावांनी पोती रिकामी केली, सीट घासून काढली. लीलावहिनींनी दुखऱ्या पाठीनं मशीनवर बसून सीटला नवी कव्हरं शिवली होती. पहाटे उठून मी गोळाभात केला. ते दोघं तयार होऊन दारात उभे, आम्ही दोघं पातेलं द्यायला, आणि कोपऱ्यावरून वळली ती एक पांढरी टाटा सुमो. आत सगळे बसलेले.

श्रीकांत उतरला. "बाबा, हॉटेलवाल्यानंच करून दिली. हिच्या पप्पांना पाय लांब करायला लागतात, अन् एसी आहे. मुलांना तुमच्या गाडीत गरम होईल. तुम्ही दोघं पण या नं, जागा आहे."

मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. लहानपणी मांडीवर घेऊन माझ्या मांडीला मुंग्या आल्या त्याच्या वजनानं. तेवढा हक्क मला होता. पण मी पातेल्याचं झाकण तेवढं नीट बसवलं. आपल्या माणसाला चारचौघांत बोलायचं नसतं, हे आमच्या अंगात भिनलंय. तो लबाड नव्हता हो. तो फक्त विसरला होता, आणि विसरलेल्या माणसावर रागावताही येत नाही नीट.

"तुम्ही व्हा पुढे," नीळकंठराव म्हणाले. "मी गाडी आणतो."

नातीनं लीलावहिनींचा हात ओढला, आणि त्या सुमोत चढल्या. वर्षानं भेटलेली नात. मी त्यांना दोष देणार नाही. चढताना त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. मी ह्यांना म्हटलं, "चला, आपण बसू भाऊजींच्या गाडीत." हे पुढे पातेलं घेऊन बसले, आणि मी मागे, नव्या कव्हरवर, एकटी, मधोमध.

भोजपूरचा रस्ता तेव्हा काय होता ते भोपाळवाल्यांना विचारा. मी हाडकुळी बाई, माझं वजन ते किती. प्रत्येक खड्ड्याला डोकं टपाला लागायचं. सुमो पुढे निघून गेली, धूळ तेवढी आमच्यासाठी ठेवून. एका खड्ड्यात पातेल्याचं झाकण उडालं आणि गोळाभात ह्यांच्या धोतराभर आणि सीटभर सांडला. नीळकंठरावांनी गाडी थांबवली नाही. आरशातून मागे पाहिलं आणि अगदी कारखान्यात बोलावं तसं म्हणाले, "लोड कमी पडतोय." तेवढंच. मला रडू आलं, पण माझ्या रडण्याचा आवाज त्या खडखडाटात कुणाला ऐकू जाणार होता.

बेतवाच्या काठी, उरलेला भात खाताना श्रीकांत म्हणाला, "बाबा, विकून टाका ती गाडी आता. कशाला हा त्रास आईला?" नीळकंठराव मान डोलावत राहिले आणि नातवाच्या पानात लिंबू पिळलं.

मंडळी पुण्याला गेली. पुढच्या रविवारी पुन्हा ते दोन पाय गाडीखालून बाहेर दिसायला लागले. दुपारपर्यंत त्यांनी दोन्ही कमानींतली जास्तीची पत्ती काढून टाकली होती, आणि तिच्याखालची आणखी एक. मग गाडी जमिनीवर टेकवली आणि लीलावहिनींना हाक मारली. त्यांना मागच्या सीटवर बसवलं, आणि त्या बसलेल्या असताना बुशांचे बोल्ट आवळले.

"असं का?" मी विचारलं.

"जेवढा लोड राहणार तेवढा ठेवून आवळायचे असतात," ते म्हणाले. "आता एवढाच राहणार."

काढलेल्या पत्त्या त्यांनी त्याच संध्याकाळी गोविंदपुऱ्यात नेऊन देऊन टाकल्या. ह्या माणसानं जन्मात एक वाकडा खिळा फेकला नव्हता. आमच्या टाऊनशिपमध्ये कुणीच फेकत नाही.

गाडी लोण्यासारखी चालायला लागली. लीलावहिनींची पाठ हिवाळाभर बरी राहिली. कोपऱ्यावरचा आवाज बंद झाला, आणि मला पोळ्या लाटताना उगीच चुकल्यासारखं व्हायचं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी श्रीकांतचा फोन आला. मी नीळकंठरावांना बोलावून आणलं. पलीकडचा आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं. सुट्टीत येतोय, यावेळी फक्त आम्ही. कुसुमही येते म्हणते मुलांना घेऊन. आणि बाबा, पोरं मागे लागलीत, आजोबांच्या जुन्या गाडीतच बसायचं म्हणून. सगळे तुमच्या गाडीनंच जाऊ.

नीळकंठरावांनी फोनची तार बोटाला गुंडाळली आणि सोडली.

"सुमोच कर बाबा," ते म्हणाले. "आपली आता टेकते."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"नाही रे," नीळकंठराव म्हणाले, "बिघडली नाही. नीट झाली."

रिसीव्हर ठेवून ते लीलावहिनींना डॉक्टरकडे न्यायची वेळ झाली म्हणाले आणि गेले. थोड्या वेळानं गाडी कोपऱ्यावरून गेली असणार. मला ऐकू आली नाही.