पत्रिकेवरचा 'स'

लग्नाला मोनोग्राम हवाच, हा हट्ट माझा. पत्रिकेवर, हॉलच्या दारावर, पाहुण्यांना द्यायच्या रुमालांवर, सगळीकडे आमची दोघांची अक्षरं. तीही इंग्रजीत नाही, चांगली ठसठशीत देवनागरीत. माझा 'स', त्याचा 'न'. अमरावतीला आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून ढीगभर कागद खराब केले, तेव्हा कुठे जमलं. 'स'ची मधली आडवी रेघ दांड्यापलीकडे ओढली, तीच पुढं 'न'ची झाली. इतकी खूश झाले की लगेच अकोल्याला होणाऱ्या सासूबाईंना फोटो पाठवला. नडली ना घाई!

त्यांचा फोन आला. "चांगलं काढलं वं पोरी. पण हे 'स' कावून? गुरुजीनं तुह्यासाठी 'क' काढून देल्ला हाय. आमच्यात सुनेचं नाव बदलवतात."

हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. होणाऱ्या नवऱ्याला विचारलं, तर म्हणे, "मले वाटलं, तुले माईत असन. पाहू ना." त्याचं हे 'पाहू ना' ऐकलं की मला घाम फुटतो. आई तरी माझ्या बाजूनं बोलेल म्हणून तिच्याकडे गेले. ती मेथी निवडत होती.

"माह्यं बी बदललं होतं. मेली का मी?"

"मंग तुले जुन्या नावानं आता कोण हाक मारते?"

तिचा हात थांबला. "कोणीच नाही. मारनारे गेले सारे." आणि पुन्हा मेथी निवडायला लागली. मला तिथं बसवेना.

मग भीतीपोटी मी 'क' घालूनही पाहिला. त्या अक्षराचा उजवा हात वळला आणि सरळ 'न'ला जाऊन मिळाला. मेलं ते जास्त सुंदर दिसत होतं! कागद टराटरा फाडला आणि छापखान्यात 'स'च दिला.

पत्रिका अकोल्याला पोचल्या. सासूबाई त्यावर चकार शब्द बोलल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. गप्प बसणाऱ्या माणसाची मला जास्त धास्ती वाटते.

लग्न लागलं. अकोल्याच्या घरी लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरले. नवऱ्यानं सोन्याच्या अंगठीनं त्यात बायकोचं नाव लिहायचं असतं. भोवती सगळं गणगोत. त्यानं खाली मान घालून अंगठी टेकवली आणि 'क' काढला. आता गप्प बसले तर संपलंच, आणि बोलले तर उद्यापासून याच घरात राहायचं होतं. मी ताटात हात घातला आणि तांदूळ सपाट केले.

"पुन्हा लिहा," मी म्हणाले. आवाज कसला, नुसतं पुटपुटणं. मागून कोणीतरी "अवो माय!" केलं. त्यानं वर पाहिलं, पण माझ्याकडे नाही, आपल्या आईकडे. सासूबाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"लिव बापा, 'स' लिव. छापून बसली हाय थे."

त्यानं लिहिलं. सगळे हसले, पेढे वाटले. तू जिंकलीस, असं मैत्रिणी म्हणतात. काय डोंबल जिंकले! माझंच नाव मला त्यांच्या परवानगीनं मिळालं होतं. सासूबाई मला अजून नुसतं 'सूनबाई' म्हणतात. नावानं हाक एकदाही मारलेली नाही. मारतील तेव्हा कोणत्या नावानं मारतील, हे विचारायची माझी हिंमत होत नाही.