भिंतीला पाणी

जाफराबादला आम्ही घर बांधायला काढलं, तेव्हाचा आमचा गुत्तेदार, म्हणजे बांधकामाचा ठेकेदार. भांडताना तो माझ्याकडे कधी बघायचाच नाही. पाण्याच्या टिपाडातून डबा भरायचा, नव्या भिंतीवर पाणी मारायचा आणि भिंतीशी बोलल्यासारखं मला उत्तर द्यायचा.

स्लॅब पडला आणि हा म्हणतो, "गुरुजी, जिन्याचा खर्चा अलग लागंल. गुत्तं घराचं झाल्तं, जिन्याचं न्हाई."

माझं टाळकंच सरकलं. "गच्ची ठरली होती ना? मग तिथं काय मी उडत जाऊ?"

"ते तुम्ही बघा," भिंतीवर डबा रिकामा करत तो म्हणाला.

मी काम बंद करायला लावलं. जास्तीचा एक पैसा मिळणार नाही, उद्यापासून येऊ नका, असंही बजावलं. तो मान हलवून सायकलवर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर हा एकटाच, धोतर वर खोचून, भिंतीला पाणी मारतोय.

"काम बंद आहे म्हटलं ना?"

"बंदच हाय की. पण भांडण तुमचं-माझं हाय, गुरुजी. भिंतीला कामून तहानलेलं ठेवता?"

शेवटी जिन्याचा खर्च आम्ही निम्मा-निम्मा वाटून घेतला. मी कुरकुरतच दिला, त्यानं कुरकुरतच घेतला.

पुढे त्या घरात आम्हा नवरा-बायकोचे अबोले कितीतरी झाले. पण रुसलेल्या माणसाचं ताट वाढायचं कधी राहिलं नाही.