एका तंतूत न मावणारा उजेड

"खंय तापता, तां आदी बघ."

चष्मा कपाळावर सरकवायचा, तळहात वस्तूच्या अगदी जवळ न्यायचा, पण टेकवायचा नाही, आणि मग हे वाक्य. आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांकडे प्रत्येक बिघाडावरचा पहिला उपाय हाच होता. एकदा कणकवली डेपोत एसटी सुरू होईना, तेव्हा त्यांनी चालकालाही तेच सांगितलं. चालक म्हणाला, "माजां डोकां तापता, मास्तर." सरांनी गंभीरपणे मान हलवली, जणू निदान पटलं होतं.

मी दोडामार्गकडची. काजू-भाताचं घर, कॉलेजात गेलेली मीच पहिली. वर्गात प्रश्न विचारायचा तर आधी वहीच्या कोपऱ्यात लिहून पाहायची आणि बहुतेक वेळा खोडून टाकायची. सर वर्गात पुस्तकी मराठी बोलत, प्रयोगशाळेत मात्र मालवणी. म्हणून मी तिथेच धीर करायची. "विचार गो, लाजतस कित्याक?" ते म्हणत आणि उत्तराची घाई करत नसत.

सुट्ट्या लागल्या की सर बाहेरगावच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत जात. तिथे त्यांचं पीएचडीचं काम चालू होतं. केसासारख्या बारीक काचेच्या तंतूत लेझरचा उजेड तयार करायचा आणि त्याची ताकद वाढवत न्यायची. ऐकायला सोपं वाटतं. पण उजेड वाढला की त्या बारीक गाभ्यात त्याची इतकी दाटी होते की काचच थोडा उजेड मागे फेकू लागते. आणखी रेटलं तर टोक जळतं, आणि कधी कधी जळणारा ठिपका तंतूतून उलटा धावत येतो आणि वाटेतली सगळी काच निकामी करतो. मग गाभा जाड का करू नये? तसं केलं की उजेडाला अनेक वाटा मिळतात आणि बाहेर पडताना तो फिसकटतो.

मी पहिल्या वर्षाला होते त्या दिवाळीनंतर सर परत आले ते डब्यात जळक्या तंतूचं वेटोळं घेऊन. पीएचडीची मुदत वर्षभरात संपत होती. "जेवढी ताकद मिळाली तेवढ्यावर लिहून मोकळे व्हा," असं तिथल्या मार्गदर्शकांनी त्यांना सांगितलं होतं.

मी घाबरत विचारलं, "मग लिहिणार ना सर?"

"लिवलंय तर पदवी मेळतली. पण माजो प्रश्न तो नाय होतो."

सरांचं घर मालवणजवळच्या किनाऱ्यावर. रापणीवर जगणारं. त्या हिवाळ्यात त्यांनी आम्हाला सकाळी रापण बघायला नेलं. होडीने समुद्रात अर्धवर्तुळात जाळं टाकलं होतं, त्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि प्रत्येक दोराला माणसांची रांग. एका दोराला गावकरी, दुसऱ्याला आम्हीही लागलो. कॉलेजची पोरं, त्यात मुली बघायला. आमच्या मुलांनी असा जोर लावला की आमची बाजू भराभर पुढे आली. जाळं तिरकं झालं आणि मोकळ्या बाजूने मासळी चमकत निघून गेली.

सरांची आते टोपली घेऊन उभी होती. "जोर खूप आसा रे बाबांनो, पण एकमेकांकडे बघूक कोण शिकवता काय तुमका? सगळां म्हावरां घालवलास." मग सरांकडे वळून, "आणि तू मास्तर ना रे ह्यांचो?"

"होय गे आते," सर म्हणाले. त्यांना राग आलाच नव्हता. वाळूत बसून त्यांनी बोटाने बारीक रेघा ओढल्या. एका तंतूवर सगळा भार टाकायचा नाही. अनेक तंतू घ्यायचे, प्रत्येकाला झेपेल तेवढाच उजेड द्यायचा आणि बाहेर ते एकत्र करायचे. कल्पना जगात आधीच होती, तेही ती वाचून होते. अडचण आम्ही आत्ताच करून दाखवली होती. उजेडाच्या लाटा जुळल्या नाहीत तर दोन उजेड मिळूनही काळोख होतो. आणि प्रत्येक तंतू वेगवेगळा तापतो, म्हणून जुळलेलं क्षणात सुटतं.

"मग जमणार कसं?" या वेळी मी प्रश्न खोडला नाही.

"धरून ऱ्हवाचां. सुटला की परत जुळवचां."

सरांनी काम नव्याने मांडलं. मुदत संपली, पदवी हुकली. त्यांनी पुन्हा नाव नोंदवलं आणि नोकरीचा राजीनामा दिला. स्टाफरूममध्ये कोणीतरी म्हणालं, "मास्तर पेन्शन सोडून उजेड पकडूक चललो." सर हसले आणि कपाटाच्या किल्ल्या देऊन गेले. आमच्या शेवटच्या वर्षाला दुसरे सर आले. चांगले होते. वर्गात आणि प्रयोगशाळेत एकच भाषा बोलत.

एमएस्सीला असताना मी एकदा सरांना भेटायला त्या प्रयोगशाळेत गेले. सर वाळले होते. दोन तंतूंचा उजेड त्यांनी पडद्यावर एकत्र पाडून दाखवला. काळे-उजळ पट्टे, सारखे थरथरणारे. मग त्यांनी एक कळ दाबली. यंत्र आपोआप लाटा सावरू लागलं आणि पट्टे जागच्या जागी थांबले.

मी म्हणाले, "जमलं, सर."

"कमी उजेडात जमला." त्यांनी ताकद थोडी वाढवली. पट्टे तगले. आणखी वाढवली. एक पट्टा कडेला थरथरला, मग सगळेच वाहू लागले.

तुम्ही अशी माणसं पाहिली असतील तर तुम्हाला ठाऊक असेल, त्या वेळी त्यांच्याशी बोलायचं नसतं. माझ्या गाडीची वेळ होत आली होती. सरांनी ताकद शून्यावर आणली, खुर्ची पुढे ओढली आणि पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "तू जा गो. माका बसाक होया."

दार लावताना मी मागे पाहिलं. अंधाऱ्या खोलीत पट्टे पुन्हा उमटत होते, अगदी फिके.