वल्ह्याला लावलेला कान

ओल्या लाकडाचा खारट वास आला की मला शाळेतली प्रश्नमंजूषा आठवते. "आवाज जलद कुठे जातो, हवेत की पाण्यात?" सरांनी विचारलं. माझ्या गटातली कोळ्यांची मुलगी कुजबुजली, "पाण्यात." मी पडलो पुस्तकी किडा, तिला गप्प करून ठसक्यात "हवेत" म्हणालो आणि आम्ही हरलो. संध्याकाळी तिने मला वडिलांच्या होडीत बसवलं, वल्हं खोल पाण्यात सोडलं आणि त्याचा दांडा माझ्या कानाला लावला. लाकडातून ढोमी माशांची टरटर स्पष्ट ऐकू आली. "बाबा असाच मासा हुडकतो," ती म्हणाली, "सांगत व्हते ना तुला!" काल माझ्या मुलीने मोबाइलवर नेमका तोच प्रश्न वाचला. उत्तर ओठांवर आलं होतं, तरी मी म्हणालो, "आधी तू सांग."