रद्द केलेला पंखा

भूत, करणी, नजर... असल्या गप्पा मॉरिशसला आमच्या क्वात्र बॉर्नच्या घरी सुरू झाल्या की मी उठून चहा ठेवायला जाते. ऐकवत नाही मला. रिकाम्या माणसांना काहीही दिसतं, हे माझं ठाम मत — आजही आहे. एवढी एक गोष्ट सोडून.

ऐंशीच्या दशकातली हकिगत. आमच्या प्लेन मान्येन गावाजवळच्या विमानतळावर इमारतीतली सगळी यंत्रं पहिल्यांदाच कॉम्प्युटरवर चढवायचं काम निघालं होतं. पंप, पंखे, व्हॉल्व्ह, विजेचे बोर्ड — कुठलं कुठे बसवलंय, कधीचं आहे, सगळं. मी वर ऑफिसात काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं टाइप करायची. खाली माझे सख्खे मामा, दामूमामा, वॉकीटॉकी घेऊन फिरायचे. ते तिथले जुने मेकॅनिक. कंत्राटदार कंपनीचा (नाव सांगत नाही) नियम एकच, पण कडक: आधी यंत्रावर हात ठेवायचा, मगच त्याच्यावर ठोकलेल्या कारखान्याच्या पट्टीवरचा नंबर वाचायचा. नकाशावरून नाही, आठवणीतून तर नाहीच.

गणेश चतुर्थी जवळ आली होती. त्या दुपारी मामा प्रवाशांचं सामान वाहणाऱ्या पट्ट्याखालच्या तळघरात होते. वॉकीटॉकीवर आवाज आला, "पोरी, हिते एक नवी खोली हाय गो. मोठा पंखा हाय. चालू हाय."

मागून पंख्याची घरघर मला स्वच्छ ऐकू येत होती. मी म्हटलं, "नंबर सांगा मामा."

"थांब... आयो, पट्टी उलटी ठोकलीय कुण्या गाढवानं! मान वाकडी करून वाचतोय."

त्यांनी वाचला, मी परत म्हणून दाखवला, नोंद केली. झालं.

दुसऱ्या दिवशी आमचे साहेब नकाशा घेऊन तपासायला गेले. मी आणि मामा बरोबर होतो. तिथे भिंत! नुसती दगडी भिंत, तिच्यामागे माती. मामा तिच्यावरून हात फिरवत राहिले. चेहरा पांढराफटक. "बोंदिये... देवा रे, हितंच दार होतं," एवढंच परत परत.

साहेबांनी सरळ आरोप केला — तू काम सोडून झाकरीच्या तालमीला पळालास आणि तिथून मनाला येईल तो नंबर ठोकलास. गणपतीपुढच्या या नाचात मामा सगळ्यांच्या पुढे असायचे, हे अख्ख्या विमानतळाला माहीत. मी भांडले. "साहेब, पंखा मी माझ्या कानांनी ऐकलाय!" तर साहेब हसून म्हणतात, भाची मामाचीच बाजू घेणार. असा संताप झाला माझा!

मग त्यांनी मामांना बजावलं: खोटं बोललास हे कबूल कर, नाहीतर घरी बस. पेन्शनला थोडीच वर्षं उरलेली, मामी आजारी. मामांनी सगळ्यांसमोर मान खाली घातली. "वी मिस्ये, मो ति मांती." हो साहेब, मी खोटं बोललो. नोकरी वाचली. पण त्या वर्षी ते झाकरीत उतरले नाहीत, परत कधीच उतरले नाहीत. आणि मामी... तिनंही साहेबांचंच खरं मानलं. कितीतरी दिवस ती त्यांच्याशी धड बोलत नव्हती.

नोंद पुसून टाकायचा अधिकार मला नव्हता. तिच्यापुढे 'रद्द' लिहून मी ती तशीच ठेवली.

काही वर्षांनी इमारत वाढवली. मामा तोवर निवृत्त झाले होते. नवी यंत्रं चढवताना मी एका पंख्याचा नंबर टाकला, तर कॉम्प्युटर तो घेईना. हा नंबर आधीच आहे — रद्द. मला वाटलं, माझंच टाइप करताना चुकलं. परत टाकला... तेच.

मी धावत जिने उतरले. ती भिंत फोडून, मागची माती उपसून तिथे नवी खोली केली होती. आत मोठा पंखा घरघरत होता. पट्टी उलटी ठोकलेली! मान वाकडी करून मी वाचली. नंबर तोच. आणि खाली यंत्र बनल्याचं साल — गेल्या वर्षीचं. म्हणजे मामांनी हात ठेवला तेव्हा हे यंत्र जगात कुठेच नव्हतं... मी तिथेच फरशीवर बसले.

संध्याकाळी थेट मामांकडे गेले. धक्का होताच, पण खरं सांगते, आनंदही झाला होता. त्यांचं गेलेलं नाव परत येणार होतं! मामीसमोरच सगळं सांगितलं. मामी त्यांचा हात धरून रडायला लागली. मी म्हटलं, "उद्या चला मामा. साहेब अजून तिथेच आहेत. त्यांना नेऊन दाखवू."

मामा हळूच म्हणाले, "मी खोटं बोललो, असंच मनाला पढवलं गो मी. तेवा कुठं झोप लागाय लागली."

"पण तुम्ही खरे होता मामा!"

"खरा होतो, म्हंजे मी त्या खोलीत गेलेलो." मामीच्या हातातून त्यांनी हात सोडवून घेतला. "दार तर नव्हतंच तेवा हिकडं. मग मी भायेर कसा आलो?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आलो ना गो मी भायेर?"

मामी घाईघाईनं म्हणाली, "आलात हो, आलात." काय सांगायचं ते मला तेव्हा कळलं नाही, आणि आजही कळलेलं नाही.