शालूबाईचे कान

कसबा बावड्याच्या रस्त्याला आकारामचं वेल्डिंगचं दुकान, आणि त्याच्याच मागच्या भिंतीला लागून शालूबाईचं स्वयंपाकघर. त्यामुळे नवऱ्याचं काम तिनं आयुष्यभर डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त पाहिलं. हा मुरगूडचा गडी जुन्या मशीनवर हात भाजून घेत शिकला, पुढे वायर आपोआप सरकवणारं मिग मशीन घेतलं आणि उसाच्या ट्रॉलीपासून गुऱ्हाळाच्या काहिलीपर्यंत दिसेल ते जोडत सुटला. मशीनवरच्या आकड्यांकडे तो ढुंकूनही बघायचा नाही. आधी टाकाऊ तुकड्यावर एक टाका मारायचा आणि मान वाकडी करून ऐकायचा. लोखंड भजी तळल्यासारखं तडतडलं पाहिजे. स्टीलचा आवाज त्याहून बारीक. आणि जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा असेल, तर तडतड नकोच, नुसती एकसारखी सळसळ.

नेमके तेच कान गेले. हळूहळू गेले, पण आकाराम कबूल करील तर शपथ! टाके उकलायला लागले, पत्र्याला भोकं पडायला लागली, आणि हा प्रत्येक वेळी म्हणणार, "लाइट कमी येतीया." गिऱ्हाईक दुसरीकडे वळायला लागलं. दुकान टिकायचं की बुडायचं, ते आता या एका माणसाच्या हट्टावर येऊन ठेपलं होतं. शालूबाईला त्याचा राग यायचा, आणि रागाहून जास्त माया यायची.

त्या दिवशी दूधवाला ज्ञानू जर्मनची किटली घेऊन आला. तळाला चीर गेली होती. "संध्याकाळच्या धारंला पायजे बगा, मामा," म्हणून ठेवून गेला. आकारामनं पंखा बंद केला, आर्गॉन गॅसची टाकी जोडली, मऊ वायर घातली, ती चेमटू नये म्हणून वायर ढकलणारे रोलर सैल केले. हाताचं सगळं बरोबर होतं. पण भिंतीपलीकडे शालूबाईला तडतड ऐकू आली. तिनं गॅस बंद केला आणि तरातरा दुकानात गेली.

तुकड्याला रुपयाएवढं भोक पडलं होतं.

"लाइट..."

"लाइटला काय धाड भरलीया? माझ्या घरात बल्ब झकास जळतोय की!"

"तू जा आत. डोळं जातील."

शालूबाईनं मशीनकडे पाठ केली, डोळ्यांवर पदर घेतला आणि म्हणाली, "डोळं झाकल्यात. कान उघडं हायत." त्याला ते ऐकू गेलं नाही. मग तिनं हात मागं करून त्याच्या पाठीवर ठेवला. त्यानं खांदा झटकला. हात तिथंच राहिला.

त्यानं नव्या तुकड्यावर टाका मारला. तडतड झाली. तिनं त्याचा सदरा खाली ओढला. आकाराम थांबला. मग त्यानं वायरचा वेग कमी केला. पुन्हा टाका, पुन्हा सदऱ्याला ओढ. तिसऱ्या खेपेला तडतड विरली, सळसळ सुरू झाली आणि तिचा तळहात त्याच्या पाठीवर निवांत टेकला. किटलीचा टाका संपेपर्यंत तो हात तसाच होता. नंतर त्यांनी किटली पाण्यानं भरून पाहिली. थेंब गळला नाही.

आकारामनं तोंडावरचा मास्क काढला. "कवापासनं ठावं हाय तुला?"

"भिंतीला बी ठावं हाय!" ती त्याच्या कानाशी ओरडली.

त्याचे डोळे भरून आले. "मला तुझं बोलणं बी ऐकू येत न्हाय, शालू. मी आपलं अंदाजानं व्हय म्हणतोय."

शालूबाई मटकन स्टुलावर बसली. दिवाळीच्या आधी एकदा जेवायला वाढताना तिनं त्याला विचारलं होतं, "नको झालो व्हय मी तुमास्नी?" आणि हा पानातली मान वर न करता "व्हय" म्हणाला होता. त्या दिवशी ती भांडी घासता घासता पोटभर रडली होती, आणि रात्री त्यालाच गरम भाकरी वाढली होती.

ती उठली. तिनं त्याचा कान धरून जवळ ओढला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, इतक्या मोठ्यानं की रस्त्यावरचा मोटरसायकलवाला वळून बघायला लागला.

"न्हाय!" आकाराम तिच्याहून मोठ्यानं ओरडला. "न्हाय गं! असलं कोण म्हणालं तुला?"

"कोण न्हाय," शालूबाई हळूच म्हणाली. ते त्याला ऐकू आलं नाही.